नाव कोणी ठेवायचे?

आमच्या रेशनकार्डावर पत्ता होता : 'हरिजन वाडा'. वस्तीत हा शब्द कोणी तोंडात घेत नसे. तो गावाचा आणि कचेरीचा शब्द. घरातला पहिला पदवीधर म्हणून आज मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. व्याकरणाच्या तासाला तो पत्ता हमखास आठवतो.

'अस्पृश्य' म्हणजे शिवण्यास अयोग्य. ह्या शब्दाने दोष आमच्या अंगाला चिकटवला आणि न शिवणारा नामानिराळा राहिला. बाबासाहेबांनी १९२४ साली 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापन केली, १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढले. 'बहिष्कृत' म्हटले की बहिष्कार कोणी घातला, हा प्रश्न आलाच. कर्त्याला लपता येत नाही.

१९३३ साली गांधीजींचे 'हरिजन' साप्ताहिक निघाले. हेतूची चर्चा बाजूला ठेवू. पण ह्या शब्दात कर्ता नाही आणि अन्यायही नाही. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत काँग्रेस सरकारने स्थानिक मंडळांच्या दुरुस्ती विधेयकात तोच शब्द घातला. भाऊराव गायकवाड आणि बाबासाहेब यांनी हरकत घेतली. बहुमताने ती फेटाळली. स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृहाबाहेर पडले. ज्यांचे नाव ठरत होते, त्यांचा नकार मतांच्या मोजणीत बुडाला. भाषेतली सत्ता म्हणतात ती हीच.

'दलित' हा शब्द जुनाच होता. १९७२ साली पँथरने तो अभिमानाने मिरवला. दलित म्हणजे दळला गेलेला. मग दळणारा कोण?

म्हणूनच हा शब्द अनेकांना खुपतो. २०१८ साली केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना 'दलित' टाळून 'अनुसूचित जाती' म्हणण्याचा सल्ला दिला. घटनात्मक हक्क मागताना 'अनुसूचित' हवाच. पण त्यातला कर्ता सूची करणारे सरकार आहे, अत्याचार करणारा नव्हे.

२०२० साली महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पुढे आमच्या गावातही विषय निघाला. पंचायतीने नाव आधीच ठरवून आणले होते. चौथी शिकलेले माझे वडील उठले आणि म्हणाले, "नाव आमचं हाय, आमाला इचारा." त्या दिवशी ठराव मागे पडला. नंतर वस्तीने बैठक घेऊन नाव निवडले.

मित्रहो, कोणताही नवा शब्द आपल्यासाठी आला, तर आधी एवढेच विचारा : हा कोणी ठेवला, आणि ह्यात कोण लपले आहे?