जीपची स्टेपनी: मागं, कुशीला, परत मागं



‘स्टेपनी’ हे एका रस्त्याचं नाव आहे. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी 1904 मध्ये जादा चाक काढलं. त्याआधी पंक्चर झालं की वाटेतच टायर सोडवत बसायचं. यांचं चाक म्हणजे आऱ्या नसलेली नुसती रिंग नि टायर. पंक्चर चाकाला आवळायचं नि निघायचं. शब्द आपल्याकडं राहिला.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपला स्टेपनी मागच्या पत्र्यावर, शेजारी पेट्रोलचा कॅन. मागं फाळका नव्हताच, सैनिक बाजूनं चढायचे, त्यामुळं अडचण कुणाला नव्हती. 1945 मध्ये कंपनीनं शेतकऱ्यासाठी सीजे-2ए काढली. पीटीओसुद्धा मिळायचा. पण शेतकरी म्हटलं की माल चढवणं आलं, म्हणून मागं फाळका दिला नि स्टेपनी उजव्या कुशीला गेली. ज्यानं हे ठरवलं त्याला शेती कळत होती, असं माझं मत. पुढं महिंद्रांनी मुंबईत विलिजच्या जीपा जोडायला घेतल्या नि ती गाडी आपल्या बांधापर्यंत आली.

आमच्या जुन्या जीपला आधीच्या मालकानं स्टेपनी फाळक्यालाच ठोकलेली. टायर मोठा, रस्ता खड्ड्याचा, फाळक्याच्या बिजागऱ्या चिरल्या. टोमॅटोचे क्रेट भरताना फाळका उचलायला दोन माणसं लागायची. तोडणीच्या दिवसांत दोन माणसं कुठून आणायची?

म्हणून फिरता आर्म करून घेतला. दोन इंची चौकोनी पाईप. सगळा भार चासीला बोल्ट केलेल्या मागच्या बंपरवर, बॉडीच्या पत्र्यावर काही नाही. बिजागरीच्या जागी भंगारातल्या हलक्या गाडीचा हब, आत दोन टेपर बेअरिंग. साधी दाराची बिजागरी इथं टिकत नाही, चाकाचं वजन सारखं हिसके देतं. हब डाव्या अंगाला घेतला, म्हणजे रस्त्याकडेला गाडी उभी असताना आर्म वाहतुकीत जात नाही. दुसऱ्या टोकाखाली तिरकी पट्टी आहे, बंद झाल्यावर आर्म तिच्यावर टेकतो. वर आवळायचा क्लँप, मधे रबर, नाहीतर खडखड करून वेल्डिंगच तुटतं. नंबरप्लेट नि मागचे दिवे झाकायचे नाहीत, हे वेल्डरला आधीच सांगा.

उतारावर उघडा आर्म आपोआप फिरतो, त्यासाठी उघड्या जागी अडकवायला एक पिन दिलीय.