नऊ इंच कापड

अग्यारीत अग्नीसमोर उभा राहणारा मोबेद (पारशी धर्मगुरू) तोंडावर जे शुभ्र पदान बांधतो आणि स्थानकवासी जैन साधू दोरा ओवून जी मुखवस्त्रिका धारण करतो, त्या दोहोंच्या हेतूचा विचार केला असता असे ध्यानात येते की, मुख झाकण्याची ही चाल स्वसंरक्षणार्थ पडलेलीच नाही. पहिल्यास आपल्या उच्छ्वासाने पवित्र अग्नी दूषित होण्याची धास्ती असते, तर दुसऱ्यास वायुकाय जीवांची हिंसा घडण्याची. ब्रेस्लाउचे शल्यविशारद मिकुलिच यांनी १८९७ साली शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर जाळीदार कापड बांधले ते, मनुष्य नुसता बोलला तरी थुंकीच्या तुषारांबरोबर जंतू उडतात, हे फ्ल्युगे यांनी दाखवून दिल्यामुळे. तेव्हा त्यांनाही जपायचे होते ते समोरच्या रुग्णासच.

या वस्त्राची दिशा फिरली ती मांचुरियात. १९१० च्या डिसेंबरात, पेनांगला जन्मलेले आणि केंब्रिजला शिकलेले अवघे एकतीस वर्षांचे डॉ. वू लिएन-तेह चिनी दरबाराच्या हुकुमाने तेथील प्लेगच्या साथीचा बंदोबस्त करण्यासाठी हार्बिन येथे दाखल झाले. आपल्या मुंबई इलाख्याने १८९६ पासून भोगलेली गाठीची साथ उंदीर व पिसवा यांच्याद्वारे पसरणारी होती; हार्बिनची साथ मात्र फुप्फुसाची असून ती श्वासावाटे माणसाकडून माणसाकडे जाते, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि त्यावर जी तजवीज केली ती कोणाही गृहिणीस जमेल इतकी साधी होती. दुकानात मिळणारे नऊ इंच पन्ह्याचे मलमपट्टीचे कापड तीन फूट लांब कापावयाचे, दुमडून मध्ये चार बाय सहा इंचांची कापसाची गादी घालावयाची, आणि दोन्ही टोके चिरून जे बंद होतील ते डोक्यामागे व माथ्यावर बांधावयाचे! वयाने व अनुभवाने वडील असलेले फ्रेंच डॉक्टर मेनी यांना या तरुण चिनी वैद्याचा सिद्धांत मानवला नाही. ते उघड्या तोंडाने प्लेगच्या रुग्णांत वावरले, आणि ११ जानेवारी १९११ रोजी त्याच रोगाने निवर्तले. विद्वानांच्या वादाचा इतका शीघ्र व निर्दय निवाडा क्वचितच होत असेल. सुमारे साठ हजार बळी घेणारी ती साथ ओसरली, पण मुखपट्टी राहिली. १९१८ च्या इन्फ्लुएंझात तर सॅन फ्रान्सिस्कोने ती कायद्यानेच नागरिकांच्या तोंडावर बांधली.

२०२० साली कोरोनाच्या साथीत बाजारातले मास्क अपुरे पडू लागले, तेव्हा भारत सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने घरगुती मास्कची पुस्तिका काढली: घरातले सुती कापड मीठ घातलेल्या पाण्यात पाच मिनिटे उकळावे, वाळवावे, आणि प्रौढासाठी नऊ बाय सात इंच कापावे. तो नऊचा आकडा वाचून मला हार्बिनचा पन्हा आठवला. योगायोगच म्हणावयाचा, परंतु माणसाचा चेहरा काही शंभर वर्षांत रुंदावलेला नाही. ८ एप्रिलला मुंबईत मुखपट्टी सक्तीची झाली. शिंप्यांची दुकाने बंद. तेव्हा आमच्या घरी, धुऊन धुऊन मऊ झालेल्या एका जुन्या सुती लुगड्याचा पदर बाहेर निघाला, इलॅस्टिक नसल्यामुळे परकराची नाडी ओढून काढली गेली, आणि हातशिलाईने चार पट्ट्या सिद्ध झाल्या. ज्यांचे ते लुगडे, त्या आमच्या वृद्ध मातोश्री आतल्या खोलीत उघड्या तोंडाने बसून राहिल्या. पट्टी बांधली ती भाजी घेऊन परतणाऱ्यांनी, आणि पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवून मातोश्रींशी बोलतानाही ती त्यांनी सोडली नाही.