बेघर मुलांच्या हातचा कॅमेरा

जत्रेतल्या फोटोवाल्याचा रिळाचा कॅमेरा आठवतो ना? आज तशाच एका कॅमेऱ्याची गोष्ट ऐकू या.

युक्रेनमधल्या खारकीव शहरात १९२७ साली बेघर मुलांसाठी एक वसाहत सुरू झाली. शाळाही शिकायची आणि कारखान्यात कामही करायचं, अशी शिस्त तिथे अंतोन माकारेंको या शिक्षकाने लावली. या मुलामुलींनी आधी भोकं पाडायची विजेची यंत्रं बनवली. मग जर्मनीचा महागडा लायका कॅमेरा समोर ठेवून १९३४ पासून 'फेड' कॅमेरा बनवला.

या कॅमेऱ्याच्या खिडकीत एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाचं कडं फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या, की फोटो स्पष्ट येतो.

महायुद्धानंतर जर्मनीच्या झाइस कंपनीच्या आराखड्यावरून मॉस्कोजवळ 'ज्युपिटर-८' हे भिंग तयार होऊ लागलं. त्याचे आटे ३९ मिलिमीटरचे, जुन्या लायकासारखेच. त्यामुळे हे स्वस्त भिंग लायकावरही बसतं. हौशी लोक आजही ते वापरतात. मात्र नगानगात फरक असतो. आधी एक रीळ काढून बघावं, मगच लग्नकार्यात न्यावं.

मैत्रिणींनो, गटाच्या पापड-लोणच्यांचा भाव पाडताना गिऱ्हाईक म्हणतं, "घरचंच तर आहे!" तेव्हा खारकीवची ती मुलं आठवा. भाव कमी असला, म्हणून हातातलं कसब कमी ठरत नाही.