तुळईचा दोर

कडगंची म्हटले की आपल्या सर्वांना सायंदेव आठवतात. गुरुचरित्र लिहिणारे सरस्वती गंगाधर त्यांच्याच वंशातले. आळंद तालुक्यातल्या या गावाचे मराठीशी नाते असे शतकांचे आहे. पण कुठल्याही पोथीत न लिहिलेला एक वारसा या भागात घरोघर होता, तो सुईणीचा. कानडीत तिला सूलगित्ती म्हणतात. गौरी माहेरी येतात आणि आपल्याकडे लेकही पहिल्या बाळंतपणाला माहेरीच येते. म्हणून या अंकात त्या वारशाविषयी लिहावेसे वाटले.

आमची आजी सांगायची, कळा सुरू झाल्या की बाईला निजू देत नसत. ती माजघरात येरझाऱ्या घाली, भिंतीला हात टेकून उभी राही, थकली की गुडघ्यांवर ओणवी होई. तुळईला दोर बांधलेला असे. कळ आली की तो धरून ती उकिडवी बसे आणि मागून आई किंवा भावजय आपल्या गुडघ्यांचा टेकू देई. सुईण समोर बसून वाट पाही. कळ येईल तेव्हाच जोर कर, एवढेच तिचे सांगणे.

हे अडाणीपण नव्हते. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात हीच चर्चा आहे. प्रसूती सोपी व्हावी म्हणून बाईला उखळात धान्य कांडायला लावावे, असे काहींचे मत तिथे दिले आहे आणि ते खोडूनही काढले आहे. मात्र येरझाऱ्या घालाव्यात, हे मान्य केले आहे. कळ नसताना जोर करू नये, कारण शिंक किंवा ढेकर आल्याशिवाय ती काढता येत नाही, असा दाखलाही आहे. मूल खाली सरकल्यावर पलंगावर घ्यावे असे त्यात सांगितले आहे. पण तोवर शरीराची हाक ऐकायची, हा विचार स्पष्ट आहे.

मग बाई सुरुवातीपासून उताणी कधी झाली? युरोपात प्रसूतीसाठी खास खुर्ची असे. फ्रान्समध्ये मोरिसो या वैद्याने 1668 च्या ग्रंथात पलंगाचा पुरस्कार केला. पुढे चिमटे आले, 1847 पासून क्लोरोफॉर्म आले आणि वैद्याच्या सोयीसाठी उताणे निजणे रूढ झाले. 1885 मध्ये सुरू झालेल्या डफरिन फंडातून आपल्याकडे जनाना दवाखाने वाढले. पुढे त्यांच्याबरोबर टेबलही आले.

उताणे निजल्यावर गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्याजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो. उभे राहिल्यास किंवा उकिडवे बसल्यास मुलाचे वजन खालच्या दिशेने मदत करते आणि कटीचे हाडही थोडे मोकळे होते. चालत्या-फिरत्या बाईचा प्रसूतीचा पहिला टप्पा सरासरी तासाभराहून अधिक लवकर आटोपतो, असे अभ्यासांत दिसले आहे. शेवटच्या टप्प्यात बसती स्थिती घेतल्यास मार्ग मोठा करण्यासाठी छेद देण्याची वेळ कमी येते. मात्र रक्तस्राव थोडा अधिक होऊ शकतो, हेही त्यांतच नोंदले आहे.

म्हणून जुने ते सारे सोने, असे आम्ही म्हणणार नाही. नाळ विळ्याने कापली जाई, पहिला चीक फेकून दिला जाई. धनुर्वाताने किती तान्ही आठवडाभरातच गेली, याची गणती नाही. पाचवीला सटवाई पुजताना बाळंतिणीच्या आईचा जीव मुठीत असे, तो उगाच नव्हे. भारतातून नवजात धनुर्वात हटल्याचे 2015 मध्ये मान्य झाले, ते लसीमुळे आणि स्वच्छ प्रसूतीमुळे. तरीही 2018-20 च्या आकडेवारीत 1 लाख जिवंत जन्मांमागे कर्नाटकात 69 माता दगावल्या, शेजारच्या महाराष्ट्रात 33. हे अंतर आपल्याला बोचले पाहिजे. दवाखाना हवाच.

पण दवाखान्यात गेल्यावर सुईणीचे शहाणपण दाराबाहेर का ठेवावे? पावगड तालुक्यातील सूलगित्ती नरसम्मा यांनी पंधरा हजारांहून अधिक बाळंतपणे विनामूल्य केली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला त्या गेल्या. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने बाईला हवी ती स्थिती घेऊ द्यावी, असे सांगितले. केंद्र सरकारच्या 2017 च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही प्रसूतिगृहात सोबतीण आणि सोयीची स्थिती यांना जागा आहे.

तेव्हा लेक माहेरी आली की डिंकाच्या लाडवांबरोबर आणखी एक तयारी करू या. नवव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारू या: कळा येत असताना हिला चालता येईल का? जवळ कोण थांबेल? कुशीवर किंवा बसून बाळंत होता येईल का? रक्तदाब वाढला, रक्तस्राव झाला किंवा मूल आडवे असले, तर डॉक्टर सांगतील तेच प्रमाण. एरवी मात्र लेकीला तिच्या शरीराचे ऐकू द्यावे. तुळई गेली, दोरही गेला. मागून टेकू देणारे हात मात्र अजून आपल्याच घरात आहेत.

गणपती बाप्पा मोरया!