वजा शिल्लक : बीड जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या उधारीचा इतिहास

बीड जिल्ह्यातून उच्च शिक्षणासाठी बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याच्या बँक खात्यातील शिल्लक शून्याखाली गेली, की तिचे खापर बहुधा त्याच्या खर्चिकपणावर किंवा व्यवहारातील अजाणतेपणावर फोडले जाते. जिल्ह्याच्या गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांच्या इतिहासाकडे पाहिल्यास मात्र या वजा शिलकेचे मूळ पैशाच्या टंचाईइतकेच पैशाच्या वेळापत्रकात असल्याचे दिसते. महाविद्यालयाचे प्रवेश आणि शुल्क जून ते ऑगस्ट या महिन्यांत येतात, म्हणजे घरातला उरलासुरला पैसा बी-बियाण्यात आणि खतात गेलेला असतो तेव्हा. कापूस-सोयाबीनचे पैसे दसरा-दिवाळीच्या पुढे, ऊसतोडीचा शेवटचा हिशेब उन्हाळ्याच्या तोंडी आणि शिष्यवृत्ती तर अनेकदा शैक्षणिक वर्ष सरत आल्यावर हाती पडते. खर्च आधी आणि आवक मागाहून, हे अंतर भरून काढण्यासाठी विद्यार्थ्याला कोणी ना कोणी उधार द्यावेच लागले; तो उधार देणारा कोण आणि त्याच्या अटी काय, एवढेच काळानुसार बदलत गेले.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईपर्यंत बीड हा हैदराबाद संस्थानाचा जिल्हा होता आणि संस्थानातील उच्च शिक्षणाचे मुख्य केंद्र म्हणजे १९१८ साली स्थापन झालेले उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ होते. मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथे स्वामी रामानंद तीर्थ ज्या योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक होते, तिच्यासारख्या मराठी वळणाच्या शाळांतून बाहेर पडलेल्या मुलापुढे दोनच वाटा असत : हैदराबादेस जाऊन उर्दूतून शिकणे, किंवा संस्थानाची हद्द ओलांडून पुण्यासारख्या ठिकाणी जाणे. दुसऱ्या वाटेवर चलनाचीच अडचण आडवी येई, कारण संस्थानात ‘हाली सिक्का’ हे निजामाचे स्वतंत्र नाणे चाले, तर ब्रिटिश हद्दीत ‘कलदार’ रुपया. शंभर कलदार मिळवण्यासाठी ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत, म्हणजे सात हाली रुपयांचे सहा कलदार होत. घरून निघालेल्या रकमेचा सातवा भाग असा आकड्यानेच कमी होई. बाजारभाव लक्षात घेता ही सगळी रक्कम तोट्यात गेली असे म्हणता येणार नाही, परंतु बापाने गावात मोजलेले रुपये आणि मुलाच्या हातात पडलेले रुपये यांची संख्या कधीच जुळत नसे, आणि नाणे बदलून देणाऱ्याचा बट्टा वेगळाच.

पोटाचा प्रश्न सोडवण्याची जुनी पद्धत ‘वार लावून’ जेवण्याची होती. आठवड्याचा प्रत्येक वार एकेका घराला वाटून दिलेला असे आणि विद्यार्थी त्या त्या दिवशी त्या घरी जेवे. ही सोय जातीच्या चौकटीत बसणाऱ्यांपुरतीच होती आणि म्हणून तिच्याविषयी फार हळवे होण्याचे कारण नाही. दलित विद्यार्थ्याला असे वार मिळणे शक्यच नव्हते, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत सुरू केलेले, पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय आणि त्याची वसतिगृहे यांचे मराठवाड्याच्या दृष्टीने महत्त्व येथे आहे. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले, बीड, अंबाजोगाई, परळी येथे महाविद्यालये उभी राहिली आणि शिकणाऱ्यांची संख्या वाढली, तशी वारांची जागा खानावळीने घेतली.

खानावळ ही केवळ जेवणाची जागा नव्हती, ती विद्यार्थ्याची पहिली पतसंस्था होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. महिन्याचे पैसे आगाऊ घेण्याचा नियम भिंतीवर लिहिलेला असला तरी मालकाच्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावावर बाकी असेच. वहीत दोन वेळच्या जेवणाच्या खुणा होत आणि गैरहजेरीचा ‘खाडा’ मांडला जाई. सुटीला गावी गेलेल्या मुलाने आधी कळवले असेल आणि ठरावीक दिवस सलग तो आला नसेल, तरच त्या दिवसांचे पैसे वजा होत, एका-दोन वेळच्या उपासाचा खाडा धरला जात नसे. महिनाअखेरीस वाद होई तो खाड्यांवरूनच, परंतु बाकी थकली म्हणून ताट बंद करण्याआधी मालक मुलाचे गाव, तिकडचा पाऊस आणि बापाचा कापूस यांची चौकशी करी. उधारीवर व्याज नसे. त्याची वसुली पातळ वरणातून होत असावी, अशी तक्रार विद्यार्थिवर्गात सार्वत्रिक होती. जे जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावीच शिकत, त्यांच्यासाठी घरचा डबा सकाळच्या एसटीने येई आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत जाई. खानावळीचा खर्च टाळण्याचा तो सर्वात स्वस्त उपाय होता.

घराच्या बाजूने पाहिल्यास या शिक्षणाच्या खर्चामागे जिल्ह्याची सर्वात मोठी उधारी उभी होती, ती म्हणजे ऊसतोडीची ‘उचल’. पश्चिम महाराष्ट्रात १९५० नंतर सहकारी साखर कारखाने वाढत गेले आणि बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी या कोरडवाहू तालुक्यांतून तोडणीच्या टोळ्या जाऊ लागल्या. १९७२ च्या दुष्काळानंतर हे स्थलांतर अधिकच अंगवळणी पडले. उचल म्हणजे पुढच्या हंगामातील मजुरीपोटी मुकादमाने आगाऊ दिलेली रक्कम. ती नवरा-बायकोच्या जोडीला मिळते, आणि या जोडीला हिशेबात ‘कोयता’ असे म्हणतात. पावसाळ्यात वाटप सुरू होते आणि दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात, त्यामुळे उचलीचा आणि महाविद्यालयीन शुल्काचा मोसम बऱ्याच अंशी एकच येतो. घरातल्या मुलाचे शुल्क, खोलीचे भाडे आणि बहिणीचे लग्न हे सारे एकाच उचलीतून भागवले जाते. तोडलेल्या उसाच्या टनांतून उचल फिटली नाही, तर राहिलेली बाकी ‘अंगावर’ येते आणि पुढच्या वर्षीचा कोयता आदल्या वर्षीच बांधला जातो.

या हिशेबाचे प्रमाण एका आकड्याने स्पष्ट होईल. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन तो टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. एक कोयता दिवसाकाठी दोन टनांच्या आसपास ऊस तोडतो असे धरल्यास दहा हजार रुपयांच्या शुल्कासाठी सुमारे २७ टन, म्हणजे दोन आठवड्यांची तोडणी लागते, आणि तीही पोटाचा खर्च न धरता. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर झाली. तिचे मोल, मूल फडावर न जाता गावाकडे शिकत राहील, या एका गोष्टीत आहे.

बँक या चित्रात फार उशिरा आली. निजाम सरकारची हैदराबाद स्टेट बँक १९४२ मध्ये सुरू झाली, १९५६ मध्ये ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १९५९ च्या कायद्यान्वये भारतीय स्टेट बँकेची उपबँक बनली. मराठवाड्यात दोन पिढ्या तिला नुसते ‘हैदराबाद बँक’ म्हणत आल्या. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर शाखा वाढल्या, १९७६ मध्ये मराठवाडा ग्रामीण बँक आली, तरीही विद्यार्थ्याचे पैसे बराच काळ मनीऑर्डरने येत आणि शिष्यवृत्ती महाविद्यालयाच्या कार्यालयातून मिळे. शिष्यवृत्ती तेव्हाही उशिराच येई, परंतु रक्कम महाविद्यालयाकडेच यायची असल्याने पुष्कळ ठिकाणी शुल्काची बाकी तेथेच नोंदवून परीक्षेला बसू दिले जाई. खाते आणि शिष्यवृत्ती यांची गाठ पक्की बांधली गेली ती थेट लाभ हस्तांतरणाच्या, म्हणजे सरकारी रक्कम मध्यस्थाविना लाभार्थ्याच्या आधार-संलग्न खात्यात भरण्याच्या पद्धतीमुळे. महाडीबीटी पोर्टल, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये आणि पुण्या-मुंबईत ६०,००० रुपये देणारी २०१६-१७ पासूनची स्वाधार योजना, आणि २०२१-२२ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतील केंद्राचा ६० टक्के हिस्सा, या साऱ्यांची वाट विद्यार्थ्याच्या बचत खात्यातूनच जाते.

आणि येथे एक नवी अडचण उद्भवली. ब्रिटनमध्ये बँका विद्यार्थ्यांना ठरावीक मर्यादेपर्यंत बिनव्याजी जादा उचल देतात, म्हणजे खात्यात पैसे नसतानाही तेवढी रक्कम काढू देतात. तेथे वजा शिल्लक ही सवलत आहे. भारतातील साध्या बचत खात्याला अशी सोय नाही. येथे खाते वजा होई ते विद्यार्थ्याने पैसे काढल्यामुळे नव्हे, तर किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल बँकेने दंड आकारल्यामुळे. शिष्यवृत्तीची वाट पाहणारे खाते रिकामे असणे हा त्याचा स्वभावच. परंतु दर महिन्याला दंड चढत जाई आणि अखेर जमा झालेल्या रकमेतून बँक आपला आकार आधी कापून घेई. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाने यावर मर्यादा घातली : १ एप्रिल २०१५ पासून ग्राहकाला आधी सूचना द्यावी, शिल्लक भरून काढण्यास महिनाभराची मुदत द्यावी, दंड तुटीच्या प्रमाणात असावा आणि केवळ या दंडापायी खाते शून्याखाली जाऊ नये.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १ एप्रिल २०१७ रोजी, मराठवाड्याच्या दृष्टीने दोन घटना एकाच दिवशी घडल्या. हैदराबाद बँक भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली आणि त्याच दिवसापासून स्टेट बँकेने किमान शिलकेचा दंड पुन्हा लागू केला. ग्रामीण शाखेत १,००० रुपये, निमशहरी शाखेत २,००० रुपये आणि महानगरात ५,००० रुपये शिल्लक ठेवणे आले. शाखेचा वर्ग आणि तूट पाहून दंड महिन्याला कमाल १०० रुपये व वर कर असा होता. शंभर रुपये ही रक्कम बँकेच्या दृष्टीने किरकोळ असली, तरी वर दिलेल्या तोडणीदराने ती पाव टनाहून अधिक ऊस होते. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत स्टेट बँकेने या दंडापोटी देशभरात १,७७१ कोटी रुपये गोळा केले, आणि ही रक्कम तिच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीच्या नफ्याहून मोठी होती. टीका झाल्यावर दंड कमी होत गेला आणि मार्च २०२० मध्ये बँकेने तो बचत खात्यांवरून काढून टाकला.

दरम्यान विद्यार्थ्यांनी आपले मार्ग शोधले होतेच. खोलीतल्या चौघांपैकी ज्याचे पैसे आले त्याच्याकडून ‘हातउसने’, म्हणजे बिनव्याजी, बिनकागदी, थोड्या दिवसांचे पैसे घ्यायचे, पुण्यात खोलीऐवजी ‘कॉट बेसिस’वर, म्हणजे एका खाटेपुरते भाडे भरून राहायचे, आई ज्या महिला बचत गटात आहे, त्याचे कर्ज सत्राच्या सुरुवातीला उचलायचे. शैक्षणिक कर्जाचा मार्ग कागदोपत्री खुला असला तरी सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा असलेल्या आणि बेबाकी प्रमाणपत्र, म्हणजे कोणतेही देणे थकीत नसल्याचा दाखला, न मिळणाऱ्या घराला तो अवघड जातो. १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी पुण्यात स्थापन केलेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्थांनी राहण्या-जेवणाची स्वस्त सोय आणि कामाची जोड देऊन ही उधारी मुळातच कमी करण्याचा प्रयत्न केला, आणि या साऱ्या उपायांत तोच सर्वात शहाणपणाचा ठरतो.

वजा शिलकेच्या या प्रकरणात बँकांचे नियम बरेच सुधारले आहेत. २०१२ पासून प्रत्येक बँकेला किमान शिलकेची अट नसलेले मूलभूत बचत खाते देणे बंधनकारक आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून शिष्यवृत्तीसाठी उघडलेले शून्य शिलकेचे खाते दोन वर्षे व्यवहार झाला नाही म्हणून निष्क्रिय ठरवता येत नाही. विद्यार्थ्याने आपले चालू बचत खाते अशा मूलभूत खात्यात बदलून मागावे. त्यासाठी शाखेत लेखी अर्ज पुरतो, मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते असल्यास ते बंद करावे लागते. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता प्रवेशाच्याच महिन्यात देणे हे काम उरते, आणि ते बँकेचे नसून शासनाचे आहे.