भाताचा तूस आणि चित्रशाळा

चित्रकलेच्या विद्यार्थ्याने रंगपेटी बाजूस सारून माती, तूस, चिंध्या किंवा लाख हाती घेतली, की पालक आणि परीक्षक दोघेही साशंक होतात. हा नव्या काळाचा छंद असून जुन्या शिस्तीत असे चालत नसे, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास पाहिला असता या समजास आधार सापडत नाही, असे आमचे मत आहे.

मुंबईची कलाशाळा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झाली. शिक्षण युरोपीय वळणाचे होते. प्लास्टरच्या मूर्ती पुढे ठेवून त्यांवरून रेखन करावयाचे. आज ज्यास आपण रूढ साधन म्हणतो, तो तैलरंग-कॅनव्हासचा संभार त्या काळच्या मुलांना सर्वस्वी अपरिचित होता. आपल्याकडील नव्या कलाशिक्षणाचा प्रारंभच मुळी अपरिचित साधनांच्या प्रयोगाने झाला. मात्र तो वरून आलेला असल्यामुळे त्यास शिस्त हे नाव मिळाले.

त्याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करवून घेत होते. विद्यार्थ्यांपुढे जी भिंत होती तिचा लेप कशाचा? मातीत भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेला. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि वर बहुतांशी खनिज रंग. म्हणजे परीक्षकास जे विचित्र वाटते, त्याच द्रव्यावर आपल्या कलेचे परमवैभव उभे आहे! नकला मात्र कॅनव्हासवर तैलरंगांत उतरल्या. त्या विलायतेस गेल्या, आणि त्यांपैकी पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या.

याहून दुःखद कथा मूळ भिंतींची. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांवर वार्निश चढविण्यात आले; ते कालांतराने पिवळे पडले. पुढे निजाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी १९२० ते १९२२ या काळात चित्रांच्या रक्षणार्थ लाखेचा उपयोग केला. तोही थर काळवंडला, आणि तो उतरविण्याचे कष्ट पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना कित्येक वर्षे पडले. हे करणारे उच्छृंखल विद्यार्थी नव्हते, जाणते लोक होते. लाख वाईट नव्हे. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर ती शोभते. परंतु जी वस्तू लाकडास मानवते ती मातीच्या सच्छिद्र लेपास मानवेलच, असे नाही. हा धडा कोठे तरी शिकावा लागतो; तो विद्यार्थ्याने आपल्या चार आण्यांच्या फळीवर शिकणे बरे, की तज्ज्ञाने हजारो वर्षांच्या भिंतीवर?

झाडीपट्टीतील गोरेगावसारख्या गावी या प्रश्नास विशेष अर्थ आहे. येथे भाताची शेती आहे, तूस घरोघरी आहे, रानात लाखेस आश्रय देणारा पळस आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा होईपर्यंत हा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. त्याच जुन्या जिल्ह्यातील साकोली येथे १९१६ मध्ये जन्मलेले शंकर पळशीकर मुंबईच्या कलाशाळेत शिकले आणि १९६८ ते १९७५ या काळात तिचे अधिष्ठाता झाले. ते शिकावयास गेले तोवर त्या शाळेने भारतीय पद्धतीच्या चित्रणाचा वर्ग उघडून जगन्नाथ अहिवासी यांच्या हाती दिला होता. ज्या शाळेने एके काळी केवळ युरोपीय वळण गिरवून घेतले, तिनेच देशी तंत्रास दार उघडले. आणि त्यामुळे तिची शिस्त बुडाली नाही.

तथापि हाती येईल ते फळीस चिकटविणे म्हणजे प्रयोग, असेही आम्ही म्हणत नाही. लेप कशावर बसतो, कशाने बांधला जातो, ओल आणि ऊन लागल्यावर त्याचे काय होते, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यास विचारावेत. त्यांची उत्तरे त्याने स्वतः करून पाहिली असतील, तर चित्र ओबडधोबड असले तरी गुण द्यावेत. गोरेगावच्या मुलाने तूस कालवून लेप केला आणि पावसाळ्यात त्यास तडा गेला, तर अजिंठ्याच्या कारागिरांनी मातीत तंतू का मिसळले असतील, हे त्यास पुस्तकाविना उमगेल.