तळटीप : पान पसंदचे कागद

* पान पसंदचे कागद : वालचंद हिराचंद यांनी 1933 साली मालेगाव तालुक्यात रावळगावचा साखर कारखाना काढला, 1942 पासून तिथे गोळ्याही होऊ लागल्या. पान पसंद त्यातलीच. तिची दूरदर्शनवरची जाहिरात आजही अनेकांना आठवते: फणकाऱ्याने बोलणारी बाई गोळी तोंडात टाकताच तेच शब्द लाडात म्हणते. लेखकाच्या पिढीतली मुले गोळीचा कागद फेकत नसत. नखाने घासून सुरकुत्या काढायच्या, मग वहीत दाबून ठेवायचा. पानांना महिनोन्‌महिने विड्याचा वास येई. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, जुने गाव उठले, तेव्हाच्या बांधाबांधीत लेखकाने हीच वही आधी उचलली. मूळ मजकुरात या कागदांसाठी आलेला 'भंगार' हा शब्द आमच्या मते लेखकाचा नाही, सामान हलवणाऱ्यांचा आहे. असे कागद जपायलाच हवेत, कारण त्या काळची छपाई, रंग आणि अक्षरांची वळणे दुसरीकडे फारशी उरलेली नाहीत. 2024 मध्ये पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक ही नावे पाककृतींसह 27 कोटी रुपयांना रिलायन्सच्या कंपनीकडे गेली. लेखकाच्या वहीतले कागद त्याआधीचे, रावळगावचेच. (संपा.)